बाबांचा थिंकपॅड टी४२ परत चालू करायचाय, सुरुवात कुठून करू?

समुद्रकाठची:
नमस्कार मंडळी. बाबा गेल्या वर्षी गेले, आता घर आवरताना माळ्यावर त्यांचा आयबीएम थिंकपॅड टी४२ लॅपटॉप सापडला. २००४ चा असेल, विंडोज एक्सपी आहे. ह्याच्यावर ते आमच्या इथल्या दिवाळी अंकाचं सगळं टायपिंग आणि प्रूफं करायचे, श्रीलिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. बारा वर्षं तरी कोणी हात लावलेला नाही आणि आमच्याकडची हवा म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, बॅगेला बुरशी आली होती. अडॅप्टर लावून चालू केला तर १६१ आणि १६३ असे दोन एरर, स्क्रीन लालसर आणि अगदी मंद, फॅनचा घरघर आवाज. घाबरून लगेच बंद केला. दुकानात दाखवला तर म्हणाले भंगारात द्या. मला द्यायचा नाहीये. आतल्या फाइल्स तर हव्याच आहेत पण मशीनही चालतं करायचंय.

टाकणखार:
ताई, बंद केलात ते बेस्ट केलंत, आता परत चालू करू नका. एक्सपी नुसती बूट झाली तरी डिस्कवर लिहीत बसते आणि एवढी जुनी डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही, म्हणून आधी डिस्क बाहेर. टी४२ ला ती कडेला एका स्क्रूवर असते, काढला की कव्हरसकट सरळ बाहेर येते. आत ४४ पिनची आयडीई म्हणजे जुन्या जोडणीची डिस्क आहे, नव्या साटा जोडणीची नाही, त्यामुळे आयडीई टू यूएसबीवालाच अडॅप्टर घ्या आणि लावताना पिना वाकवू नका. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स लावून डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरूनही जमेल तेवढं वाचून घेणारा प्रोग्रॅम) पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा. नुसत्या फाइल्स कॉपी करू नका!! श्रीलिपीचे ते जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे आता सगळीकडे चालतात तसले, नाहीत, ते नसतील तर बाबांचा सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसेल. फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, पूर्ण इमेज असली की तेही आपोआप येतात.

जुनालॅपटॉप_कोल्हापूर:
वरच्यांशी सहमत. १६१ म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलाय आणि १६३ म्हणजे त्यामुळे तारीख-वेळ गेलीय, दोन्हीला घाबरायचं कारण नाही. सीआर२०३२ आहे पण वायर आणि कनेक्टरवाला, तो तसाच तयार मिळतो. साध्या सेलवर सोल्डरिंग करू नका, तापून फुटू शकतो. कीबोर्ड आणि पामरेस्ट (मनगट टेकवायचा भाग) काढल्यावर सापडेल, आयबीएमचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल नेटवर आहे त्यात एकेक स्क्रू दाखवलाय, आधी ते वाचा. मोठी बॅटरी काढूनच ठेवा, इतक्या वर्षांनी चार्ज करायच्या भानगडीत पडू नका, मशीन नुसत्या अडॅप्टरवर चालतं. अडॅप्टर मात्र १६ व्होल्टचाच हवा. बाजारात पिना बदलून सगळ्यांना बसणारे १९ व्होल्टचे मिळतात ते ह्याला नको. फॅन काढून साफ करा, पाती बोटाने धरून मगच फुंकर मारा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो, आणि चिपची उष्णता बाहेर काढायला लावतात ती थर्मल पेस्ट नवीन लावा, जुनी आत्तापर्यंत खडू झाली असणार.

विंगणकर:
स्क्रीनबद्दल सांगतो. ह्यात एलईडी नाही, बारीक ट्यूब आहे, सीसीएफएल म्हणतात. लालसर मंद उजेड म्हणजे बहुतेक ट्यूब म्हातारी झालीय. अर्धा तास चालू ठेवून बघा (डिस्क काढलेली असताना), थोडी उजळली तर अजून काही दिवस काढेल. पूर्ण काळी पडली तर टॉर्च तिरका मारून बघा, अंधुक चित्र दिसलं तर पॅनल ठीक आहे, इन्व्हर्टर (ट्यूबला वीज देणारं सर्किट) नाहीतर ट्यूब गेलीय. इन्व्हर्टरला चालू असताना हात लावू नका, शेकड्यांनी व्होल्ट असतात. आणि अजून एक, हा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून एका हाताने कधीच उचलू नका, बोर्ड वाकतो आणि ग्राफिक्स चिपचं सोल्डर सुटतं, टी४० सिरीजचं ते ठरलेलं दुखणं आहे.

समुद्रकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्क ४० जीबीची निघाली, रात्रभर लावून सकाळी इमेज पूर्ण झाली, दोन-तीन ठिकाणीच वाचता आलं नाही. टाकणखार दादा, फॉन्टचं सांगितलंत म्हणून वाचले, आधी खरंच सगळा काला दिसत होता, फॉन्ट टाकल्यावर २००६ च्या अंकाचं संपादकीय उघडलं, बाबांनी लाल रंगात केलेल्या दुरुस्त्यांसकट. सेल मागवलाय. झाकणावरचं रबरासारखं कोटिंग चिकट झालंय, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं तर निघून जाईल का? तिथे बाबांनी मार्करने नाव लिहिलंय, ते जायला नको.

जुनालॅपटॉप_कोल्हापूर:
जाईल, नावही आणि कोटिंगही. आयसोप्रोपिल झाकणाला लावूच नका. नावाची जागा सोडून बाकीचं ओल्या कापडाने हलक्या हाताने पुसा, आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका.