ग्रंथालयाच्या दोन तासांच्या कार्यशाळेने संशोधन येतं का?

शोधयात्री: विद्यापीठांची ग्रंथालयं 'डिजिटल संशोधन कौशल्य' या नावाखाली कार्यशाळा घेतात. डेटाबेसची ओळख, झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक, शेवटी प्रमाणपत्र. माझ्या मते ही मेहनत अभ्यासक्रमात जायला हवी. ज्याच्यापुढे शोधायला विषयच नाही, त्याच्या डोक्यात शोधशब्द जोडायचं अँड-ऑर-नॉट आठवडाभरही टिकत नाही. प्रकल्पाचे विषय ठरले की लगेच ग्रंथपालांनी वर्गावर यावं, आणि संदर्भ कसे शोधले यालाही गुण असावेत.

पानापानांत: असहमत. गुण ठेवले की मुलं गुणांपुरतंच करतात. शिवाय अभ्यासक्रम बदलायचा म्हणजे बैठका, मंजुऱ्या. तोवर साधनंच बदललेली असतात. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं. 2023 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला 5,000 डॉलर दंड केला, कारण त्यांनी दिलेले दाखले चॅटजीपीटीने रचलेल्या, कधी न झालेल्या खटल्यांचे होते. असं काही घडलं की ग्रंथालय पंधरा दिवसांत कार्यक्रम लावू शकतं. आणि तिथे परीक्षक नसतो, म्हणून मुलं मोकळेपणाने विचारतात.

शोधयात्री: दाखला मूळ जागी जाऊन तपासायची सवय हवी होती, तीच त्या वकिलांकडे नव्हती. सवय एका कार्यक्रमाने लागत नाही.

कपाट क्रमांक ७: मी विद्यापीठ ग्रंथालयात काम करते. कार्यक्रम हवेतच, पण आम्ही त्यात बटणं दाखवत बसतो, ते चुकतं. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमध्ये 'हार्ट अटॅक' टाका आणि शोधाचा तपशील उघडा. आपण न लिहिलेलं 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' हे त्याचं वैद्यकीय नाव तिथे आपोआप जोडलेलं दिसतं. एकाच गोष्टीचे वेगवेगळे शब्द एका ठरलेल्या नावाखाली आणणारी विषयवार शब्दसूची कशाला असते, हे त्या एका पडद्यावर कळतं. दुसरं, गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला 1998 चा निबंध 2010 मध्ये मागे घेतला गेला. तो निबंध शोधात आजही सापडतो. आपल्या संग्रहात असा मागे घेतलेला निबंध असेल तर झोटेरो 2019 पासून तशी सूचना देतं. पण मुलांनी आपलीच संदर्भयादी उघडून बसावं, तरच याचा उपयोग. तयार उदाहरणांवर माना डोलतात, हात चालत नाहीत.

पानापानांत: मग नोंदणी करतानाच प्रत्येकाकडून स्वतःचा प्रश्न मागवा. हजेरीची सक्ती नको, प्रश्नाची हवी. महिन्याभराने त्याच मुलांना पुन्हा बोलवा आणि कुठे अडले ते विचारा. एवढं केलं तर अभ्यासक्रमाची वाट बघायची गरज नाही.

शोधयात्री: पुन्हा बोलावणं पटलं, प्रश्नाची सक्ती नाही. ज्याला प्रश्नच मांडता येत नाही तो नोंदणीच करणार नाही, आणि खरी गरज त्यालाच आहे. तो वर्गात मात्र बसलेला असतो. म्हणून मी वर्गातल्या तासाचा आग्रह सोडणार नाही.