क्षयरोग ओपीडीत यूव्ही-सी दिवे: खाली बसणाऱ्यांच्या सुरक्षेची मोजणी कशी करावी?

मीनल_सिस्टर:
आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात क्षयरोग ओपीडीच्या प्रतीक्षा खोलीत भिंतीवर उंचावर २५४ नॅनोमीटरचे यूव्ही-सी दिवे (जंतू मारणारे, पण डोळ्यांना-त्वचेला इजा करू शकणारे अतिनील किरण सोडणारे) बसवलेत. वरची हवा निर्जंतुक होते, पंख्याने ती खाली फिरते. पुरवठादाराने ‘सुरक्षित’ असं पत्र दिलं, पण खोलीत येऊन काही मोजलं नाही. रुग्ण तासभर थांबतात, नोंदणीवरची मुलगी मात्र अख्खी पाळी तिथेच असते. तिची काळजी वाटते. मीटर कोणता घ्यावा आणि कुठे धरावा?

बायोमेड_प्रसाद:
ताई, पत्रावर जाऊ नका, मोजाच. २५४ साठी कॅलिब्रेट केलेला आणि साध्या उजेडाला दाद न देणारा मीटर लागेल. उन्हाचा यूव्ही मीटर इथे कुचकामी आहे. आठ तासांची रूढ मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल, म्हणजे सलग ०.२ मायक्रोवॅट. ज्या मीटरचा शेवटचा आकडाच १ मायक्रोवॅटचा असतो, त्यावर शून्य दिसलं तरी काहीच कळत नाही. दिवे स्थिर झाले की बसलेल्या आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर खोलीभर फिरा. प्रत्येक जागी सेन्सर सगळीकडे वळवून सर्वात मोठा आकडा लिहा.

मीनल_सिस्टर:
आणि एका कोपऱ्यात ०.३ आला तर दिवे बंदच करायचे?

डॉ_सुहास_के:
नाही हो, घाई करू नका. दिवे बंद केले तर क्षयाचा धोका परत येतो, तो खरा मोठा. माणूस दिवसभर एका जागी, एकाच दिशेला बघत नसतो, त्यामुळे अंगावर पडणारी मात्रा त्या एका आकड्यापेक्षा सहसा बरीच कमी भरते. नोंदणीवरच्या मुलीचं वेगळं, तिची जागा ठरलेली आहे. तिच्या खुर्चीवरचं माप आणि तिचे तास यांचा गुणाकार करा, जमल्यास अंगावर लावायचा सेन्सर द्या.

अमेरिकेत १९९७ ते २००४ या काळात सहा शहरांतल्या बेघर निवाऱ्यांत याचा मोठा अभ्यास झाला. ३,६११ जणांना विचारलं. डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या २२३ तक्रारी आल्या, पण खरे दिवे आणि नकली (यूव्ही न सोडणारे) दिवे यांच्या काळात लक्षणीय फरक नव्हता. निश्चितपणे यूव्हीमुळे डोळ्यांना इजा झाली ती एकदाच. कारण? दिवे लावताना तिथे साधी खाट होती, नंतर कुणीतरी दुमजली खाट आणून ठेवली! म्हणून फर्निचर हललं की पुन्हा मोजा.

बायोमेड_प्रसाद:
डॉक्टरांशी सहमत. त्यात एक भर: सर्वात जास्त धोका शिडीवर चढणाऱ्या रंगाऱ्याला आणि वायरमनला. त्रास काही तासांनी सुरू होतो, वेल्डिंग बघितल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा, म्हणून ‘तेव्हा तर काही झालं नाही’ याला अर्थ नाही. बटणाला कुलूप लावा.

मीनल_सिस्टर:
आमच्या छताला अर्ध्या भागात चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आहेत. चालतील का?

बायोमेड_प्रसाद:
अ‍ॅल्युमिनियम यूव्ही-सी जोरात परतवतं. मोजणी त्या पट्ट्यांखालच्या बाकांपासूनच सुरू करा, आणि आकडे इथे टाका, मिळून बघू.