सॉल्ट लेक सिटी: रस्त्याकडेच्या पट्ट्यात युटा मिल्कव्हेच लावू का? (बजेट ६० डॉलर, त्याच्या वर नाही)

पाणीटंचाई_८०१: फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधला पट्टा, साधारण १५ फूट बाय ४ फूट. ऊन दिवसभर. लॉन यंदा जळालं, पुन्हा लावणार नाही. ट्रेलवर एप्रिलमध्ये एक रोप दिसलं: जमिनीला चिकटलेलं, पानं चंदेरी लोकरीची, फुलं गुलाबी-जांभळी. ॲपने ॲस्ट्रॅगॅलस युटाएन्सिस सांगितलं, म्हणजे हेच युटा मिल्कव्हेच. कुणी लावलंय का? घरी कुत्रा आहे.

ड्रिपवाला: आधी ड्रिप बसवा. मी टायमरसकट ७०० मध्ये केलं. ड्रिपशिवाय इथे काही जगत नाही.

पाणीटंचाई_८०१: दादा, बजेट शीर्षकातच लिहिलंय.

मुरमाड: ड्रिपनेच मरेल ते. हे रोप बॉनव्हिल या इथल्या आटलेल्या प्राचीन सरोवराच्या जुन्या काठावर, खडीमुरमात वाढणारं. सोटमूळ खोल जातं, पहिला उन्हाळा सांभाळला की पाणी मागत नाही. माझी दोन रोपं मी लाडाने रोज पाणी घालून मारली. बुंधा काळा पडला, हात लावला तर वरचा भाग सुटून हातात आला. आता आहेत ती चिकणमाती काढून खडी भरलेल्या जागेतली. उंची वीतभरसुद्धा नाही, पसारा फूट-दीड फूट.

लेह_रिटर्न: लडाखला असलीच झुडपं पाहिली होती. या ॲस्ट्रॅगॅलसच्या ३,००० च्या वर जाती आहेत म्हणे. फोटो शोधून टाकतो.

सासूबाई_इन_सँडी: हेच ना ते चायनीज औषधाचं मूळ? माझी मैत्रीण प्रतिकारशक्तीसाठी कॅप्सूल घेते. मग घरचंच उकळून प्यायला काय हरकत?

मुरमाड: ताई, नको! औषधाची जात वेगळी. याच वंशात इकडचं लोकोवीड आहे. त्याच्या आत राहणारी बुरशी विष बनवते, ते खाऊन घोडे-गुरं भ्रमिष्टासारखी वागतात. काही जाती मातीतलं सेलेनियम साठवतात, त्यांना घाण वास येतो. कुठली जात किती विषारी हे अंगणात ठरवू नका. कुत्र्याला चघळू देऊ नका, माणसांनीही नको.

ड्रिपवाला: +१ विषारी. पेन्स्टेमॉन हे फुलझाड लावा. (ड्रिपवर.)

खवय्या_बॉइसी: अवांतर: इराणचा ट्रॅगाकँथ डिंक याच कुळातल्या काटेरी झुडपांचा. आपल्या लाडवातला डिंक मात्र बाभूळ-धावड्याचा. यावरून आमच्याकडे एकदा जेवणाच्या टेबलावर भांडण झालंय.

सासूबाई_इन_सँडी: लाडवाला धावड्याचाच घ्यावा. बाभळीचा नीट फुलत नाही.

खवय्या_बॉइसी: फुलतो की! तूप नीट तापवा.

बियाणं_बॅग: धागा परत रुळावर. रोप विकत घेऊ नका, बी पेरा, पाच-सहा डॉलरचं पाकीट पुरतं. कवच टणक असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खडीत पेरलंत तर हिवाळाच ते मऊ करतो. वसंतात पेरायचं असेल तर सँडपेपरच्या दोन तुकड्यांत बी हलकं चोळायचं, चकाकी गेली की थांबायचं, रात्रभर भिजवायचं. टम्म फुगलेलं पेरा, न फुगलेलं परत चोळा. पुढे शेंगा धरल्या की गंमत बघा: पांढऱ्या लोकरीचा गोळा, दाबला की आत कडक शेंग लागते.

मुरमाड: सहमत. आणि डोंगरावरून उपटून आणू नका. नियमाचं सोडा, सोटमूळ तुटतं. मी एकदा शेजाऱ्याच्या आवारातलं, त्याला विचारून, खणून आणलं. चार दिवसांत मान टाकली.

ड्रिपवाला: खताचं कुणीच बोललं नाही. मी दर महिन्याला घालतो.

बियाणं_बॅग: हरभऱ्याच्या कुळातलं आहे, मुळांवरच्या गाठींमध्ये नत्राची सोय स्वतःच करतं. खत नको.

लेह_रिटर्न: फोटो सापडला. ते बहुतेक दुसरंच झुडूप होतं. माफी.

पाणीटंचाई_८०१: सर्वांचे आभार. शनिवारी नर्सरीतून कुंडीतली ४ रोपं आणली, ५२ डॉलर. बियांचा सल्ला पटला होता, पण मेमध्ये आईबाबा येतायत आणि मला तेव्हा फुलं हवीत. कुंडी उलटी केली तर मूळ तळाशी गोल फिरलेलं निघालं, ते बघून जरा पोटात गोळा आला. तसंच खडीत बसवलं, एकदा पाणी घातलं. कुत्र्याने लगेच एकावर तंगडी वर केली. उरलेल्या ८ डॉलरमध्ये जाळी येईल का?

ड्रिपवाला: जाळी ४० ची घ्या, चांगली टिकते.