प्रवाळासारखं 'वाढवलेलं' बांधकाम साहित्य: पैसा आत्ताच लावावा का?

सागरी
सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात चिमिंग वांग यांच्या गटाने २०२५ मध्ये प्रवाळांवरून सुचलेलं साहित्य मांडलं. पॉलिमरचा जाळीदार सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर छापायचा, त्याला वीजवाहक थर द्यायचा, कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवायचा आणि वीज व कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पोकळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, भरत जाते. भेग पडली तर थोडी वीज देऊन बुजवता येते. थेट ज्वालेत अर्धा तास तग धरतं. सिमेंटसाठी आपण चुनखडी भाजून वायू मोकळा करतो, इथे तो परत दगडात जातो. माझं मत: पैसा आत्ताच लावावा.

वीजमीटर
आधी विजेचं बोला. कॅल्शियम कार्बोनेटच्या दर रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन लागतात. तीन व्होल्ट धरले तर एक किलो कार्बन डायऑक्साइड कोंडायला साडेतीन युनिटच्या वर वीज जाते. कोळशाच्या विजेचं एक युनिट साधारण एक किलो वायू सोडतं. म्हणजे एक किलो पकडायला साडेतीन किलो सोडायचा! शिवाय कॅल्शियम क्लोराइड बरंचसं सोल्वे पद्धतीतून (धुण्याचा सोडा बनवायची रीत) येतं आणि तिथे कच्चा माल चुनखडीच असतो, तीही भाजावी लागते.

सागरी
@वीजमीटर, कोळशावर चालवा असं कोण म्हणतंय? सूर्याची, वाऱ्याची वीज हीच अट. आणि त्याच विजेत कॅथोडवर (ऋण टोकावर) हायड्रोजनही निघतो, तो हिशेबात धरा.

गवंडीकाम
मला दोघांपेक्षा वेगळं वाटतं. कार्बनचा आकडा बाजूला ठेवला तरी रचना मोलाची आहे. शिंपल्याच्या आतला चकचकीत थर वजनाने सुमारे ९५ टक्के अ‍ॅरागोनाइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचंच एक स्फटिकरूप, नुसता खडूचाच भाऊ. तरी सहज फुटत नाही, कारण सूक्ष्म चकत्यांमधल्या प्रथिनांच्या पातळ थरांत भेग वळसे घेत दमते. ठिसूळ पदार्थ चिवट होतो तो मांडणीमुळे, आणि इथेही चुनखडी पॉलिमरच्या जाळीत बसते. म्हणून आधी पडद्या (खोल्यांमधल्या भिंती), आच्छादनाचे फलक यांत वापरून बघावं. खांब-तुळयांसाठी वर्षानुवर्षांच्या भाराच्या चाचण्या हव्यातच, तिथे घाई नको.

वीजमीटर
@गवंडीकाम, फलकांपुरतं मान्य. पण सिमेंटचा वाटा जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात ७-८ टक्के आहे, तो फलकांनी हलणार नाही. @सागरी, हायड्रोजन धरायचा तर अ‍ॅनोडही (धन टोकही) धरा. क्लोराइडच्या द्रावणात तिथे क्लोरिन निघू शकतो, आणि तो विषारी आहे. कारखान्याच्या प्रमाणावर त्याचं काय करायचं, ते ठरल्याशिवाय मी पैसा लावा म्हणणार नाही.