मदत हवी आहे: वर्गात टीबी निघालाय, बाकीच्या मुलांचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलगा आठवीत, मराठी शाळेत. त्याच्या बाकावरच्या पोराला फुप्फुसाचा टीबी निघालाय. दोन महिने खोकतच वर्गात बसायचा. उपचार सुरू झालेत. आमच्या पोराला खोकला-ताप काही नाही. आशाताई म्हणतात, तरी तपासणी करा. आजार नसला तर प्रतिबंधक गोळ्या देतात, आठवड्यातून एकदा असं 12 आठवडे किंवा रोज 6 महिने. काही पालक मात्र त्या पोराचं ताटच वेगळं ठेवा म्हणतायत. (अहो, टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही!) बेळगाव-निपाणीकडे कुणाच्या शाळेत अख्ख्या वर्गाची तपासणी झालीय का? अर्ज कुणाकडे द्यायचा? मराठीतलं माहितीपत्रक असेल तर पाठवा, इथं सगळं कन्नडमध्येच मिळतंय.