सशासाठी कॉली-ग्रेहाउंड क्रॉस घ्यावा का? (वरुड भाग, हरभरा आणि संत्रा)

वावरवाला_वरुड
राम राम मंडळी. साडेपाच एकर वावर आहे, अर्ध्यात हरभरा, बाकीत संत्र्याची दोन वर्षांची कलमं. हरभरा वीतभर झाला की ससे रातून शेंडे खुडतात, कलमांची साल बी कुरतडतात. इंग्लंडचे व्हिडिओ पाहिले, तिथे कॉली (मेंढ्या वळणारं कुत्रं) आणि ग्रेहाउंडचा (शर्यतीचं कुत्रं) क्रॉस, लर्चर म्हणतात, सशामागं भन्नाट पळतो. तसं पिल्लू घ्यावं का? घेतलं तर कॉलीचा अंश किती पाहिजे? की आपला कारवानीच (इकडचा सडपातळ शिकारी कुत्रा) बरा? घरी शेळ्या, कोंबड्या आहेत.

धुऱ्यावरचा
दादा, आधी कायद्याचं पाहा. आपल्याकडचा ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. कुत्र्याकडून पाठलाग करवणं, हाका घालणं, फासे लावणं आणि याचा नुसता प्रयत्नही तिच्यात येतो. वावर स्वतःचं असलं तरी सूट नाही. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्यानं कुत्र्यांकरवी शिकारीवर बंदी आली, पण जमीनमालकाच्या परवानगीनं 'रॅबिट' धरायला सूट ठेवली. तिथल्या 'हेअर'ला ती सूट नाही, आणि आपला ससा हेअरच आहे. म्हणजे तुम्ही पाहिलेला व्हिडिओ दुसऱ्याच जनावराचा.

याचा कुत्र्याच्या निवडीशी सरळ संबंध आहे. रॅबिट बिळात राहतो, चरायला थोडा दूर येतो आणि चाहूल लागली की बिळाकडे धावतो. तिथे रात्री बॅटरीच्या झोतात कुत्रं सोडतात. काम काही सेकंदांचं, त्यात झटकन वळणं आणि धरलेलं न चावता परत आणणं महत्त्वाचं. आपला ससा बीळ करत नाही, गवतात किंवा झुडपाखाली दबून बसतो आणि उठला की मोकळ्या रानात लांब पळतो. त्याच्यामागं लागलेलं कुत्रं तीन धुरे ओलांडून दुसऱ्याच्या तुरीत जाईल, आणि तोवर हरभरा राखणार कोण?

पशुसेवक_अमरावती
कॉलीचा अंश कशासाठी घालतात ते सांगतो. ग्रेहाउंड वेगवान, पण कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, आणि नजरेत सावज आलं की हाक ऐकू येत नाही. कॉलीमुळं डोकं, नाक, दमसास, जाड केस आणि माणसाकडे लक्ष देण्याची सवय येते. पहिल्या पिढीचा क्रॉस अर्धा-अर्धा, शिकायला सोपा पण वेगात मागे. तो पुन्हा ग्रेहाउंडला लावला की तीन चतुर्थांश ग्रेहाउंड आणि पाव कॉली, रॅबिटवाल्यांचा हा आवडता हिशेब. उंची साधारण २४ ते २६ इंच.

तिथली थंडी, पाऊस, काटेरी कुंपणं यांसाठी हे गणित बसवलंय. वरुडच्या मे महिन्यात बॉर्डर कॉलीचा दुहेरी कोट म्हणजे अंगावर वाकळ. शिवाय पाव कॉली क्रॉससुद्धा शेळ्या पाहिल्या की घेरत बसतो, दिवसभर.

एक धोका लक्षात ठेवा. कॉलीच्या वंशात एमडीआर१ नावाचा जनुकदोष असू शकतो. रफ कॉलीत बराच, बॉर्डर कॉलीत कमी. असं कुत्रं आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस सोसत नाही. आपल्याकडे गोचीड झाले की जनावरांचंच १ टक्क्याचं इंजेक्शन टोचतात. २० किलोच्या कुत्र्याला १ मिली दिलं तर किलोमागे ५०० मायक्रोग्रॅम झाले. दोषी जनुकाच्या कुत्र्याला त्याच्या पाव हिश्श्यातही लाळ, तोल जाणं, बेशुद्धी येऊ शकते. जाहिरातीत 'लर्चर' लिहिलेल्या पिल्लात काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, म्हणून हे औषध टाळलेलंच बरं. वजनाप्रमाणे फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरची गोळी डॉक्टरांना विचारून द्या.

वावरवाला_वरुड
समजलं. पाठलाग नको, राखण पाहिजे. मग कारवानी × गावठी पाहू का?

कारवानी_लातूर
राखणीला शुद्ध कारवानी नको. तो पळणारा, भुंकणं कमी. गावठी कुत्री आणि कारवानी नर यांचं पिल्लू चालेल, आणि खरं सांगायचं तर भुंकणाऱ्या आईचं नुसतं गावठी पिल्लूही पुरेल. पिल्लाआधी आई पाहा. अनोळखी माणूस आला की भुंकते पण अंगावर येत नाही, घरच्या कोंबड्यांत निवांत बसते, अशी हवी. पश्मीचा, म्हणजे केसाळ कारवानीचा, अंश नको, कान-शेपटीच्या केसांत कुसळं अडकतात.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. बोटं घट्ट जुळलेली आणि गादी जाड पाहिजे. पसरट पंजा भेगाळलेल्या काळ्या मातीत लवकर दुखावतो. पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढची तीन-चार आठवड्यांनी, रेबीजची तीन महिन्यांना, मग दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी.

शेळ्या-कोंबड्यांची ओळख दहा-बारा आठवड्यांपासून, लांब दोरीवर. कान टवकारून नजर रोखली की तिथेच थांबवायचं. एकदा सुटलं की हाक व्यर्थ. वर्षाचं होईपर्यंत मोटरसायकलीमागं पळवू नका, वाढीची हाडं बिघडतात. मार्चपासून सकाळी आठनंतर पळणं बंद. धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या तर सावलीत साध्या पाण्यानं भिजवून वारा घाला, पाणी तोंडात ओतू नका.

तूर कापल्यावरची धसकटं सगळ्यात वाईट. धावत्या कुत्र्याच्या छातीत घुसतात. जखम मिठाच्या पाण्यानं धुऊन त्याच दिवशी टाके घालून घ्या. भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना 'कारवानीचा क्रॉस आहे' हे सांगायचंच, कारण असल्या सडपातळ कुत्र्यांना थायोपेंटोनसारख्या भुलीतून शुद्धीवर यायला फार वेळ लागतो.

आणि कुंपणाच्या झटका मशीनची (विजेचा झटका देणारी) तार पिल्लाला लागू देऊ नका. एकदा बसला की ते त्या धुऱ्याकडे फिरकतही नाही.

धुऱ्यावरचा
रात्री खोपडीजवळ साखळीनं बांधू नका. तुमच्याकडे बिबट्या आहे, बांधलेलं कुत्रं त्याला आयतंच सापडतं. लोखंडी जाळीचा, वरून बंद पिंजरा करा. भुंकण्याचं काम तिथूनही होतं.

सशाचा खरा बंदोबस्त जाळी. कोंबडीची षटकोनी जाळी, एक ते दीड इंच छिद्राची, जमिनीवर अडीच-तीन फूट उभी. खालची सहा इंच बाहेरच्या बाजूला वाकवून माती-दगडांनी दाबा, नाहीतर ससा खालच्या फटीतून घुसतो. पूर्ण वावराला परवडत नसेल तर फक्त हरभऱ्याला लावा. घाटे धरल्यावर काढून ठेवली तरी चालते. कलमांना दोन फूट उंच जाळीची नळी, बुंध्यापासून चार बोटं लांब, चिकटवून बांधली तर जाळी सालीत रुतते.