नव्या फार्मासिस्टना संशोधन कामाच्या जागीच शिकवावे का?

धागाकर्ती (रुग्णालयातील फार्मासिस्ट)

पदवीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच फार्मासिस्टला संशोधनाचे प्राथमिक शिक्षण मिळायला हवे, आणि तेही नोकरीच्या जागी, कामाच्या वेळेत, त्याच्या रोजच्या कामातून उभ्या राहिलेल्या प्रश्नावर, असे माझे ठाम मत आहे. महाविद्यालयात संख्याशास्त्राची सूत्रे पाठ होतात, पण प्रश्न कसा घडवायचा हे तिथे शिकता येत नाही, कारण विद्यार्थ्यासमोर रुग्ण नसतो.

माझा अनुभव सांगते. रुग्ण दाखल होण्यापूर्वी घेत असलेली औषधे आणि घरी जाताना त्याला मिळालेली यादी, यांत नकळत किती फरक राहतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी मोजायला घेतले. दोन आठवडे नोंदी केल्यानंतर लक्षात आले की ‘फरक’ म्हणजे काय, हेच मी ठरवलेले नव्हते. एकाच औषधाचे व्यापारी नाव बदलले तर तो फरक धरायचा का? डॉक्टरांनी विचारपूर्वक मात्रा कमी केली, पण कारण लिहिले नाही, तर तो कुठे मांडायचा? साऱ्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. वेळीच विचारणारे कोणी अनुभवी माणूस शेजारी असते, तर पहिल्याच दिवशी ही व्याख्या कागदावर उतरली असती.

प्रतिसाद १ (औषधालय विभागप्रमुख)

आपली तळमळ मला पटते, तरीही या प्रस्तावाला माझा विरोध आहे. नवा फार्मासिस्ट या काळात मात्रा तपासणे, औषधांच्या परस्परक्रिया ओळखणे आणि रुग्णाशी नीट बोलणे शिकत असतो. याच काळात त्याच्यावर प्रकल्पाचे ओझे टाकले, तर दोन्ही कामे अर्धवट होतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे प्रकल्प लहान असतात आणि त्यांतून मोठे निष्कर्ष काढले जातात. ३० चिठ्ठ्या तपासल्या आणि एकही चूक सापडली नाही, तर अहवालात ‘चुका होत नाहीत’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ९५ टक्के विश्वासमर्यादा धरली, म्हणजे अंदाज ९५ टक्के खात्रीचा हवा असेल, तर चुकांचे खरे प्रमाण सुमारे १० टक्क्यांपर्यंत असू शकते. शिवाय रुग्णांच्या नोंदी चाळायच्या, पण कामाला ‘ऑडिट’ म्हणून नैतिक समितीकडे जाणे टाळायचे, हेही मी पाहिले आहे. संशोधनाची स्वतंत्र समितीकडून छाननी व्हावी, ही अपेक्षा माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात १९७५ च्या दुरुस्तीने आली. ती पाळण्याची सवय न लावता संशोधन शिकवणे मला मान्य नाही. प्रकाशित शोधनिबंध चिकित्सकपणे वाचता येणे मात्र प्रत्येकाला शिकवा.

धागाकर्ती

३० चिठ्ठ्यांचे जे गणित आपण मांडलेत, तेच तर शिकवायचे आहे! ऑडिट आणि संशोधन यांतला भेदही: ठरलेल्या मानकाशी आपले काम ताडून पाहणे हे ऑडिट, आणि मानक काय असावे याचे नवे ज्ञान शोधणे हे संशोधन. कोणत्या कामाला कोणाची मंजुरी लागते, हे प्रकल्प सुरू होण्याआधी विचारून घेणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा असावा.

केवळ वाचन पुरेल, हे मात्र मला पटत नाही. १९८९ मध्ये ‘कास्ट’ या औषधचाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांतली अनियमितता एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे कमी करत होती, म्हणून त्यांनी मृत्यूही टळतील असे मानले जात होते. प्रत्यक्षात ती घेणाऱ्यांमध्ये मृत्यू अधिक झाले. जे मोजणे सोपे ते मोजले आणि जे महत्त्वाचे ते गृहीत धरले, ही चूक वाचून समजते खरी, पण आपण स्वतः काय मोजायचे हे ठरवताना एकदा अडखळल्याशिवाय ती अंगात मुरत नाही.

प्रतिसाद २ (औषध दुकानातील फार्मासिस्ट)

दोघांच्याही बोलण्यात मोठे रुग्णालय गृहीत धरलेले आहे. माझ्यासारखा फार्मासिस्ट दिवसभर एकटाच असतो. मार्गदर्शक नाही, ग्रंथालय नाही. तरीही श्वासातून घ्यायचे औषध किती रुग्ण चुकीच्या पद्धतीने ओढतात, हे माझ्याइतके जवळून कोणी पाहत नाही. अनेक दुकानांनी एकच प्रश्न, एकच नोंदपत्रक आणि एक सामायिक मार्गदर्शक घेतला, तर नमुना लहान राहण्याची अडचणही बरीच कमी होईल.

प्रतिसाद १

सामायिक प्रकल्पाची कल्पना मला धाग्यातल्या इतर सर्व सूचनांहून अधिक व्यवहार्य वाटते, कारण तिथे आराखडा अनुभवी व्यक्ती करते आणि नवा माणूस एक भाग नीट शिकतो. वेळेचा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे. पंधरवड्यातून अर्धा दिवस शिकणाऱ्यासाठी राखून ठेवा, पण त्या वेळी त्याच्या खिडकीवर कोण बसणार, हे कामाच्या वेळापत्रकात नावानिशी लिहिलेले दाखवा; तसे झाले, तर माझ्या विभागात मी स्वतः एका प्रकल्पाला परवानगी देईन.